साहेबराव सोनकांबळे नखं कापून देत नाहीत

साहेबराव सोनकांबळे आमच्या नांदेडच्या घरी पहिल्यांदा आले ते गेल्या वर्षी, संक्रांतीनंतरच्या रविवारी. चपला दाराबाहेर काढल्या, पण लगेच आत आले नाहीत. उंबऱ्यातच उभे राहिले आणि मान तिरकी करून काहीतरी ऐकू लागले. आमची बर्फी, साडेआठ वर्षांची पांढुरकी लॅब्राडॉर, परका माणूस बघून हॉलमधून स्वयंपाकघराकडे निघाली होती.

"ह्यो आवाज कधीपासून हाय?" त्यांनी विचारलं.

"कोणता आवाज?"

"ह्योच. टकटक."

फरशीवर बर्फीची नखं वाजत होती. मी म्हणाले, "तो होय. तो नेहमीचाच आहे."

"नेहमीचा," ते म्हणाले. "तुमी शाळेत शिकवताव ना बाई? सरळ उभं राहिलं तर कुत्र्याचं नख भुईला टेकाय न्हाई पायजे. टेकलं की पाऊल टाकताना बोट मागं ढकललं जातंय. दोन नंबर लहान बूट घालून तुमी आठ वर्षं चालून बघा. तसं चालून राहिलंय हे जनावर. आन् तुमी म्हणताव, नेहमीचा."

पाणी विचारायच्या आधीच मी बोलणी खाल्ली होती. मला राग आला. पण दिपालीनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "बाबा चिडतात. मनावर घेऊ नका, आणि मध्ये बोलू पण नका."

दिपाली माझ्याच शाळेत गणित शिकवते. साहेबराव तिचे वडील. जळकोटकडचे. सरकारी जनावरांच्या दवाखान्यांत पस्तीस वर्षं ड्रेसर म्हणून नोकरी केलेले. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टर सुई टोचतील तेव्हा बैल आवरून धरणं, अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणं, असलं सगळं त्यांनी केलेलं. निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांची बायको पारूबाई लेकीकडे नांदेडला राहायला आले. काळे, उंच, अंगावर पांढरा इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. हसताना मी त्यांना फार कमी वेळा पाहिलंय.

त्यांना बोलवायची वेळ आमच्यावर का आली, ते सांगते. बर्फीला आमच्या मुलानं, गंधारनं, दहावीच्या सुट्टीत आणलं. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि बर्फी आमच्याकडे राहिली. दोन वेळचं खाणं, वर्षाचं इंजेक्शन, संध्याकाळी गल्लीत एक चक्कर, यापलीकडे कुत्र्याचं काही करायचं असतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं. नखं वाढून वाकायला लागली तेव्हा श्रीनाथ, माझे मिस्टर, तिला शहरातल्या एका दुकानात घेऊन गेले. तिथं कुत्र्यांना आंघोळ घालून देतात, केस कापून देतात. अर्ध्या तासानं बर्फी परत आली ती चारही पायांना कापूस गुंडाळून. दुकानातल्या माणसानं, लवकर आटपावं म्हणून, सगळी नखं एका झटक्यात मुळापर्यंत छाटली होती. "थोडं रक्त येतंच," असं तो श्रीनाथना म्हणाला. यांनीही ते ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून बर्फी कुणाला पायाला हात लावू देईना. पावसाळ्यात श्रीनाथ तिचे चिखलाचे पाय पुसायला गेले तर तिनं त्यांच्या मनगटाला दात लावले. चार टाके पडले. पाच महिन्यांत नखं पुन्हा वाढली, आणि डिसेंबरात ती पुढचा डावा पाय उचलून धरायला लागली. श्रीनाथ म्हणाले, "म्हातारी झाली आणि चावरी पण झाली. कुणाच्या तरी शेतावर सोडून देऊ." माझ्या सासूबाई, चंद्रप्रभाबाई, म्हणाल्या, "मी तर पहिल्यापासून सांगत होते."

मी हे शाळेत दिपालीजवळ बोलले, म्हणून साहेबराव आले.

हॉलमध्ये ते खुर्चीवर बसलेच नाहीत. भिंतीला टेकून फरशीवर बसले आणि बर्फीकडे बघणं बंद केलं. खिशातून भाकरीचा तुकडा काढून मांडीजवळ ठेवला. वीस मिनिटं आमच्याशी इकडचं तिकडचं बोलत राहिले. सासूबाई आतून बाहेर आल्या.

"आडनाव काय म्हणालात?"

"सोनकांबळे."

"गाव?"

"जळकोटकडलं."

"बरं," म्हणून सासूबाई आत गेल्या.

तेवढ्यात बर्फी जवळ आली, भाकरी खाल्ली आणि त्यांच्या मांडीला नाक लावून उभी राहिली. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हळूहळू खाली कोपरापर्यंत नेला आणि थांबले. पायाला हात लावलाच नाही. नुसतं वाकून, केसांत फुंकर मारून पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला.

"हिकडं या. पायाच्या आतल्या अंगाला, जरा वर, हे पाचवं नख दिसतंय का? हे अंगठ्याचं. भुईला लागत न्हाई, म्हून कधीच झिजत न्हाई. तुमच्या त्या दुकानदारानं ह्याला हातबी लावलेला न्हाई. केसात दडलेलं हाय ना. वाढून वाढून गोल फिरलंय आन् मांसात शिरलंय. पू झालाय."

मी वाकून पाहिलं.

"मग काढा की तुम्ही," श्रीनाथ म्हणाले.

"हे माझं काम न्हाई. हे डॉक्टरचं. सुई देऊन, गुंगीत घालून काढावं लागंल, औषध लागंल. आजच्या आज जावा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाय उचलून धरून राहिलं होतं, तव्हा एकानं तरी खाली वाकून बघितलं का? चावतंय म्हून सोडून द्यायला निघालेत. ज्याच्या मांसात खिळा शिरलाय ते चावंल न्हाई तर काय पाया पडंल?"

तेवढ्यात सासूबाईंनी चहा पाठवला. आमच्याकडे पाहुण्यांना फुलाफुलांच्या कपबशीत चहा देतात. मागच्या खिडकीत एक स्टीलचा ग्लास पालथा ठेवलेला असतो. तो नालीवाल्याचा आणि भंगारवाल्याचा. साहेबरावांपुढे चहा आला तो त्या ग्लासात.

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग आमच्या हातातल्या कपांकडे पाहिलं.

"मी चहा घेत न्हाई," म्हणाले आणि उठले.

दिवसातून चार वेळा चहा लागतो म्हणून दिपाली त्यांच्या नावानं ओरडते, हे मला माहीत होतं. त्या ग्लासाचंही मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. दारापर्यंत गेले, "येत जा काका," असं म्हणाले, आणि आत येऊन स्वतःचा चहा संपवला.

डॉक्टरांनी त्याच दिवशी ते नख काढलं. जखम भरायला पंधरा दिवस लागले. मग मी दिपालीकरवी पुन्हा निरोप पाठवला. मला वाटलं होतं ते येणार नाहीत. आले. हातात एक पक्कड होती, कुत्र्यांची नखं कापायची, लाल मुठीची. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"मी कुणाची नखं कापून देत न्हाई," ते म्हणाले. "कुत्रं तुमचं हाय. मी फक्त सांगणार. जमलं तर बघा, न्हाई तर मी चाललो."

पहिले दहा दिवस पक्कड वापरायचीच नव्हती. रोज संध्याकाळी चटई टाकायची, कारण फरशीवर पाय घसरला की जनावर घाबरतं. बर्फीला आडवी होऊ द्यायची. खांद्यापासून हात खाली नेत पंजा नुसता हातात घ्यायचा, बोट हलकं दाबायचं, नख पुढं आलं की लगेच भाकरीचा तुकडा द्यायचा आणि पाय सोडून द्यायचा. तिनं पाय ओढला तर धरून ठेवायचा नाही. पक्कड बाजूला पडलेली असायची, तिनं वास घ्यावा म्हणून. मधूनच मी वाळलेली शेवईची काडी पक्कडीनं कटकन मोडायची, म्हणजे तिला त्या आवाजाची सवय व्हावी. सासूबाई हे बघून म्हणाल्या, "गंधारला वाढवताना इतकं कौतुक केलं नव्हतंस."

साहेबराव दर रविवारी येऊन बसायचे आणि माझ्या चुका काढायचे. पंजा आवळून धरला की म्हणायचे, "बाई, ते खडू न्हाई." मी घाईत भाकरी आधीच देऊन टाकली की म्हणायचे, "परीक्षेच्या आधीच पेढे वाटून राहिलाव." चहाला त्यांनी दर वेळी नकार दिला. सासूबाई दर वेळी तो ग्लास पुढे करत राहिल्या. आणि मी दर वेळी गप्प बसले. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

मग पहिलं नख. बर्फीची काही नखं पांढरी आहेत, काही काळी. त्यांनी पांढरं नख उजेडाकडे धरून दाखवलं. आत गुलाबी रेघ होती.

"ह्यो नखाचा जीव. ह्यात रक्त हाय, शीर हाय. ह्याच्या अलीकडंच थांबायचं, दोन जवारीच्या दाण्याएवढं अंतर ठेवून. पक्कड तिरकी धरायची, टोक तेवढं घ्यायचं. काळ्या नखात जीव दिसत न्हाई. तिथं कागदाएवढी पातळ चकती काढायची, थांबायचं, कापलेल्या तोंडाकडं बघायचं. आधी कोरडं, भुरकट दिसतंय. मधी काळा ओलसर ठिपका दिसाय लागला की बास. तिथून पुढं एक केसबी जायाचं न्हाई."

"एवढंसंच कापलं तर नखं लांबच राहतील की."

"ऱ्हाऊ द्या. नख वाढतंय तसा आतला जीवबी पुढं वाढतोय. दर आठ दिवसाला जरासं टोक घेतलं की जीव मागं सरकतोय. तीन महिन्यांत नख जाग्यावर येतंय. आठ वर्षांची वाढ एका दिवसात काढाय निघाले म्हून तर रक्त निघालं."

मी त्या दिवशी दोन नखं कापली. बर्फीनं ओठ चाटले, तोंड फिरवलं, पण पाय सोडवून घेतला नाही.

हे सगळं श्रीनाथ सोफ्यावर बसून बघत होते. त्यांना त्या दिवशी दुपारी एका मुंजीला जायचं होतं आणि मी अजून तयार झाले नव्हते. ते उठून आले आणि म्हणाले, "साहेबराव, किती दिवस चालायचं हे? पस्तीस वर्षं हेच काम केलंत ना? मी धरतो, तोंड दोरीनं बांधतो, तुम्ही पाच मिनिटांत उडवून टाका सगळी. काय असेल ते देतो. यात शिकवायचं काय आहे, हे तर तुमचंच काम."

साहेबराव चटईवर बसले होते. ते उठले नाहीत. आवाजही चढवला नाही.

"तोंड बांधताव?" ते म्हणाले. "ऐका मग. ९६ साल. वैशाख महिना. जळकोटकडच्याच एका गावच्या दवाखान्यात होतो मी. तिथल्या एका बड्या माणसाकडं काळा डॉबरमन होता. पोरीचं लगीन निघालेलं, नव्या सोफ्याला नखं लागतेत म्हून मला वाड्यावर बोलावलं. डॉक्टर रजेवर होते. मी म्हणलो, ऊन उतरू द्या, कुत्र्याला जरा माझी वळख होऊ द्या. ते म्हणले, तू आम्हाला शिकवणार का. चार गड्यांनी कुत्रं उन्हात दाबून धरलं, सुतळीनं तोंड बांधलं. कुत्र्याला घाम येत न्हाई साहेब. धापा टाकून, जीभ बाहेर काढूनच ते अंगातली उष्णता घालवतंय. तोंड बांधल्यावर कुठून घालवंल? मी दोनदा म्हणलो, सोडा. ते म्हणले, आधी काप. मी कापली. चार नखं कापली. सगळ्यांतून रक्त. पाचव्याला पाय माझ्या हातात ढिला पडला."

त्यांनी बर्फीच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्या मालकानं मला समद्यांपुढं मारलं. मारताना जे बोलला ते मी बाईमाणसांपुढं बोलणार न्हाई. माझी जात धरून बोलला, एवढं समजा. तक्रार झाली. चौकशी झाली. त्या चार गड्यांना कुणी काही इचारलं न्हाई. माझ्या सेवापुस्तकात लिहिलं, 'निष्काळजीपणामुळे जनावराचा मृत्यू'. अकरा महिने निलंबित होतो. दिपाली चार वर्षांची. तिची आई लोकाच्या रानात खुरपाय गेली. मग बदली केली तिकडं किनवटच्या पुढं, इस्लापूरकडं."

ते उठले. पक्कड माझ्याकडेच राहू दिली.

"पस्तीस वर्षं मी लोकांच्या जनावरांचे पाय धरले. ज्यांची जनावरं, ते लांब उभे ऱ्हायचे, नाकाला रुमाल लावून. हे तुझं काम, म्हणायचे. आता ज्याचं कुत्रं त्यानं पाय धरावा. माझं काम संपलं."

ते गेले. श्रीनाथ म्हणाले, "एवढं चिडायला काय झालं? मी काय त्या माणसासारखा आहे का?" सासूबाई म्हणाल्या, "या लोकांना जुन्या गोष्टी उकरायची सवयच असते." आणि आम्ही मुंजीला गेलो. तिथं मी जिलेबी खाल्ली, लोकांशी हसून बोलले. सगळं केलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दिपालीबरोबर तिच्या घरी गेले. पारूबाईंनी चहा केला. साहेबराव पेपर वाचत होते, पेपर खाली केला नाही.

"काका, मी माफी मागायला आले आहे," मी म्हणाले. "यांच्या बोलण्याबद्दल. आणि त्या ग्लासाबद्दल पण."

पेपर खाली आला.

"ग्लास तुमाला दिसला होता?"

"पहिल्याच दिवशी."

"मग तव्हा बोलला न्हाईत."

"नाही."

"आन् आता माझ्या घरी येऊन बोलताव." ते फार शांतपणे बोलत होते, आणि ते ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. "बाई, माझ्यापुढं माफी मागून मला काय करायचं? मी काय त्या ग्लासात चहा पिलो न्हाई. जिथं ठेवलाय तिथं बोला. माझ्या घरी बोलायला काय लागतंय?"

पारूबाई मध्ये पडल्या. "आवो, चहा तरी पिऊ द्या त्यांना."

"पिऊ दे. चहाला कुठं न्हाई म्हणलो?"

मी रिक्षानं घरी आले. वाटेत माझं डोकं फणफणत होतं. आधी त्यांचाच राग आला, इतकं करून वर हे ऐकायचं. मग हळूहळू तो राग फिरला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. मी वर्गात मुलांना समतेवर निबंध लिहायला सांगते, चांगला लिहिला तर फळ्याजवळ उभं करून वाचायला लावते. घरी येऊन त्या खिडकीतला ग्लास रोज ओलांडते.

घरात पाय टाकला आणि पर्सही न ठेवता मागच्या खिडकीशी गेले. ग्लास उचलला आणि भंगाराच्या पोत्यात टाकला. आवाज झाला तशा सासूबाई आल्या.

"काय टाकलंस?"

"ग्लास. आजपासून या घरात कुणालाही वेगळं भांडं नाही. येईल त्याला कपात चहा. तुम्हाला चालत नसेल तर तुमचा कप तुम्ही वेगळा ठेवा."

"माझ्याशी असं बोलतेस? सून म्हणून..."

"सून म्हणूनच सव्वीस वर्षं गप्प बसले. त्याचीच लाज वाटते आहे."

श्रीनाथ बाहेर आले. "अगं, आईचं वय काय, तिला आता बदलायचं का?"

"आईंचं राहू द्या. तुमचं वय काय?" मी म्हणाले. "बर्फी तुमच्यासमोर लंगडत होती आणि तुम्ही तिला शेतावर सोडायला निघाला होतात. एक माणूस येऊन फुकट शिकवत होता, त्याला तुम्ही त्याची जागा दाखवलीत. वर विचारता, मी काय त्या माणसासारखा आहे का. तुम्ही सुतळी मागत होतात, श्रीनाथ."

मी त्यांना नावानं हाक मारत नाही. त्या दिवशी मारली. नंतर तीन आठवडे घरात कामापुरतं बोलणं होतं. सासूबाईंनी स्वतःचा कप खरंच वेगळा केला. तो अजूनही वेगळाच आहे.

नखं मी एकटीच कापत राहिले. रविवारी सकाळी, खिडकीजवळ उजेडात, चटईवर. एका वेळी तीन किंवा चार. मार्चच्या सुरुवातीला एकदा काळ्या नखाचा अंदाज चुकला. बर्फी कळवळली आणि चटईवर रक्ताचे थेंब पडले. मग आठवलं, त्यांनी तुरटीची पूड डबीत भरून ठेवायला लावली होती. पूड कापसावर घेऊन नखाच्या टोकाला दाबून धरली, मनात तीनशे आकडे मोजले. एका हातानं साहेबरावांना फोन लावला.

"किती कापलं?"

"थोडंच. पण रक्त..."

"दाबून धरलंय का?"

"हो."

"सारखं उचलून बघत होता का?"

"दोनदा बघितलं."

"बघू नका म्हून सांगितलं होतं ना? बघितलं की खपली निघती. अजून पाच मिनिटं धरा. आन् रडू नका, त्या जनावराला वाटंल लई मोठं काय झालंय. आज पुढचं नख कापायचं न्हाई. पण पाय हातात घेतल्याशिवाय, भाकरी दिल्याशिवाय उठायचं न्हाई. न्हाईतर रक्ताचीच याद तिच्या ध्यानात ऱ्हाईल."

फोन बंद झाला. अर्ध्या तासानं ते स्वतः दारात उभे. बर्फीचा पाय पाहिला, रक्त थांबलं होतं. मी कपात चहा दिला. सासूबाई देवघरातून बघत होत्या. साहेबरावांनी चहाचा एक घोट घेतला.

"साखर लई झाली," म्हणाले. पण संपवला.

त्या दिवशी ते बराच वेळ बसले, आणि जाता जाता खिशातून घडी केलेला कागद काढला. "बाई, तुमचं मराठी चांगलं हाय. ह्ये बघा." तो त्यांनी माहितीच्या अधिकारात टाकायला लिहिलेला तिसरा अर्ज होता. ९६ सालच्या चौकशीची फाइल मागितली होती. आधीच्या दोन अर्जांना एकच उत्तर आलं होतं, अभिलेख आढळून येत नाही. फाइल गायब, पण त्या फाइलवरून केलेली सेवापुस्तकातली नोंद जागेवर.

तिसऱ्यालाही तेच उत्तर येणार हे दिसत होतं, म्हणून आम्ही तो अर्ज बाजूला ठेवला. चार रविवार बसून मी त्यांचं म्हणणं लिहून काढलं. ते सांगायचे, मी लिहायची, ते खोडायचे. मी "दुर्दैवाने" असा शब्द लिहिला तर त्यांनी पेन हिसकावून घेतलं. "दैवाचा काय संबंध? चार माणसांची नावं हायेत, ती लिहा." शेवटी दोन पानं झाली. मागणी एकच होती. नोंद खोडता येत नसेल तर तिच्या शेजारी माझं हे निवेदन जोडा. ते निवेदन खात्याच्या लातूरच्या कार्यालयात दिलं आणि त्यावरची सुनावणी एप्रिलमध्ये लागली. दिपालीनं आणि मी किरकोळ रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर सकाळच्या एसटीनं लोहा, अहमदपूर करत लातूर गाठलं.

अधिकारी तरुण होता, वागायला चांगला. पानं चाळून म्हणाला, "काका, तीस वर्षं झाली. तुम्ही निवृत्त झालात, पेन्शन सुरू आहे. आता कशाला त्रास करून घेता?"

"त्रास मी करून घेतला न्हाई, दिलेला हाय," साहेबराव म्हणाले. "तुमी चाळलं. वाचलं न्हाई. वाचा."

दिपालीनं त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी तो झटकला नाही, पण बसलेही नाहीत. अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर तो बराच वेळ थांबला. वाचून झाल्यावर म्हणाला, "नोंद काढायचा अधिकार मला नाही. जोडून घेण्याचा आदेश देतो." शिपायाला बोलावलं, आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला.

जिना उतरताना मी म्हणाले, "काका, झालं की काम."

"अर्धं झालं," ते म्हणाले.

महिन्याभरानं कार्यालयाचं पत्र आलं. आपले निवेदन सेवापुस्तकासोबत जोडण्यात आले आहे. वर नाव होतं साहेबराव सोनकाबळे. अनुस्वार गायब. दिपाली म्हणते, त्या दिवशी बाबांचा असा आवाज चढला की शेजारचे बाहेर आले. "तीस वर्षांनी एक कागद पाठवला, त्यात माझं नावबी धड न्हाई. ह्ये दुसऱ्याच कुणाचं हाय." त्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि दुरुस्तीचा अर्ज लिहायला लावला. मी म्हणाले एका टिंबासाठी कशाला, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं लिहायला घेतलं.

बर्फीची नखं आता फरशीवर वाजत नाहीत. श्रीनाथ अजून पक्कड हातात घेत नाहीत, पण मी कापत असताना तिच्या डोक्याशी बसून भाकरी मोडून देतात. चुकून हात पंजाकडे गेला तर स्वतःच मागे घेतात. साहेबरावांशी त्यांचं बोलणं नमस्कारापुरतं आहे. माफी मागितलेली नाही. मी त्यांना आठवण करून देते, आणि तेवढ्यापुरतं आमचं भांडण होतं.

दुरुस्त पत्र जूनमध्ये आलं. त्या दिवशी मी दिपालीकडेच होते. साहेबरावांनी चष्मा लावून पाकीट फोडलं, नाव तपासलं, मग पारूबाईंना स्वयंपाकघरातून बोलावलं. पारूबाईंना वाचता येत नाही. साहेबरावांनी तो चार ओळींचा कागद त्यांना उभ्यानं वाचून दाखवला. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून, सावकाश.

पारूबाई पदराला हात पुसत ऐकत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, "बरं झालं. आता जेवून घ्या. बाई पण जेवतील."

"भाजी कशाची?" साहेबरावांनी विचारलं.

"वांग्याची."

"परत वांगी," ते म्हणाले आणि कागद हातात धरूनच पाटावर बसले.